बाबांच्या बोटाखालचा नारळ

मित्रांनो, मी नारळ आहे. पण मला कोणी सोलू शकत नाही, फोडू शकत नाही आणि माझ्या खोबऱ्याची चटणीही कोणाला वाटता येत नाही. मी चित्रातला नारळ आहे. संगणकात वर्डचा एक कागद आहे, त्यात मी राहतो. वर शेंडी, खाली विड्याची पाने आणि रंग जरासा उडालेला. मला कोणी काढले ते मला ठाऊक नाही. नम्रताने मला इंटरनेटवरून उचलून आणले, त्याच्या आधीचे मला काही आठवत नाही.

माझ्यासारखी चित्रे जगात ढिगाने पडलेली आहेत. पत्रिकेच्या कोपऱ्यात बसायचे आणि शोभा आणायची, एवढेच त्यांचे आयुष्य. मी तसा नव्हतो. माझ्यावर माउसचा बाण आणून दाबले की काहीतरी घडत असे. ते कसे घडत होते आणि एके दिवशी का घडले नाही, हे मी तुम्हांला सांगणार आहे. हकिकत आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

रत्नागिरीच्या एसटी स्टँडजवळ एक टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान आहे. नम्रता तिथे कामाला होती. पाली गावाच्या आतल्या बाजूला असलेल्या वाडीतून ती रोज एसटीने यायची. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रे, वास्तुशांतीची आमंत्रणे असे सगळे तिच्या हातून जायचे. गिऱ्हाइकाला नेहमीच घाई असते, कारण बाहेर त्याची बस लागलेली असते. दर वेळी नम्रता जुनी फाईल शोधायची, मधली नावे पुसायची, नवी घालायची. कधी एखाद्याच्या वास्तुशांतीला दुसऱ्याच यजमानाचे नाव छापून जायचे. मग दुकानाचे शेठ कपाळाला हात लावून बसायचे.

म्हणून तिने एक युक्ती शोधली. एका कागदावर तिने चित्रे मांडली. घराचे चित्र दाबले की कोरा भाडेकरार उघडायचा, आणि मला दाबले की कोरी आमंत्रणपत्रिका. ऐकायला सोपे वाटते, पण वर्डमध्ये चित्राला थेट काम चिकटवता येत नाही. काम आधी वर्डला शिकवून ठेवावे लागते; त्या शिकवलेल्या कामाला मॅक्रो म्हणतात. मग कागदावर महिरपी कंस घालायचे, त्यात मॅक्रोचे नाव लिहायचे आणि नावाशेजारी चित्र बसवायचे. नम्रताने ते कंस हाताने टाइप केले आणि काहीच होईना. दुपारचा डबा तसाच राहिला. ते कंस टाइप करायचे नसतात, दोन बटणे एकदम दाबून वर्डकडूनच मागून घ्यायचे असतात, हे तिला कुठूनतरी कळले. कंस मिटले, कंसातले नाव दिसेनासे झाले आणि वर मी एकटा उरलो. तिने मला दाबले. समोर पत्रिका उघडली. नम्रता एकटीच मोठ्याने हसली, आणि झेरॉक्ससाठी उभा असलेला माणूस दचकला.

शेठनी माझे कौतुक केले. गिऱ्हाइके मला बघायला काउंटरच्या आत मान घालायची. मला वाटायचे, नारळाच्या जन्माला येऊन यापेक्षा अधिक काय हवे? पण माझे खरे काम अजून पुढेच होते.

नम्रताचे सासरे म्हणजे आत्माराम. घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणतो. बाबांचा मुलगा हर्षद, म्हणजे नम्रताचा नवरा, मुंबईला नोकरीला असतो आणि सणाला येतो. वाडीत भावकीचा मिळून एकच गणपती बसतो, तो बाबांच्या घरी. पूजा झाली की देवापुढे गाऱ्हाणे घालायचे असते. भावकीतल्या सर्वांत वडील माणसाने देवाला मोठ्याने हाक मारायची आणि सगळ्यांच्या वतीने मागायचे. एकेक वाक्य संपले की मागे उभी असलेली माणसे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मान मोठा असतो आणि जबाबदारीही. गाऱ्हाणे घातल्याशिवाय कोणी प्रसादाला हात लावत नाही. हे काम बाबांचे होते. त्यांचा आवाज खणखणीत, थेट पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे जाणारा.

त्या बाबांना एका थंडीत झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. रत्नागिरीच्या इस्पितळातून ते घरी आले ते गप्प होऊनच. समजत सगळे होते, पण तोंडातून नुसता 'अं अं' असा आवाज यायचा. पाणी हवे असले तर ते डाव्या हाताने खाटेवर थापट्या मारायचे. मग बाबांच्या पत्नी यमुनाबाई चहा आणायच्या, मग चादर आणायच्या, मग रडायला लागायच्या. बाबा चिडून भिंतीकडे तोंड फिरवायचे. पुढच्या गणपतीत गाऱ्हाणे घालायला बाबांचे चुलत भाऊ रावजी उभे राहिले. रावजी काठी टेकत आले, मध्येच विसरले, दोनदा मागे वळून बाबांकडे बघितले. बाबांना सगळे शब्द पाठ होते. ते खुर्चीत बसून नुसते ओठ हलवत होते.

हे बघून नम्रताला राहवले नाही. शेठनी टाकायला काढलेला एक जुना लॅपटॉप तिने घरी आणला आणि माझ्या कागदाची एक प्रत त्यात घातली. आता घराचे चित्र गेले. त्या जागी पाण्याचा तांब्या आला, चहाची कपबशी आली, पंखा आला, यमुनाबाईंचा फोटो आला. मला तिने सर्वांत खाली, सर्वांत मोठे करून बसवले. चित्र दाबले की आवाज यायला हवा होता, आणि तोही बाबांचाच. घरातल्या सगळ्या मोबाइलांमधले जुने व्हिडिओ तिने धुंडाळले. एकात बाबा कलमांना पाणी घातले नाही म्हणून कोणाला तरी झाडत होते. त्यातला 'पाणी' एवढाच शब्द तिने कापून घेतला. म्हणून आमचा तांब्या थोडा रागावूनच पाणी मागायचा.

आणखी एक अडचण होती. वर्डमध्ये असे चित्र चालवायला लागोपाठ दोन वेळा दाबावे लागते. बाबांच्या डाव्या हाताला माउसवर ते जमेना. एकदा दाबून दुसऱ्यांदा दाबेपर्यंत बाण भलतीकडेच गेलेला असायचा. नम्रताने पुन्हा शोधाशोध केली आणि एकाच दाबण्यात काम होईल असे वर्डला शिकवले. मग माउसवरचा बाबांचा हात धरून तिने बाण यमुनाबाईंच्या फोटोवर नेला.

"अगो!" लॅपटॉपमधून बाबांचा आवाज आला.

स्वयंपाकघरातून यमुनाबाई धावतच आल्या. "काय वो? काय हवं?" असे म्हणाल्या आणि दारातच खाली बसल्या. किती दिवसांनी त्या हाकेला ओ दिली होती. बाबांनी पुन्हा दाबले. "अगो!" पुन्हा दाबले. "अगो!"

"आयकलं, आयकलं! बहिरी नाय मी," असे म्हणत यमुनाबाई पदराने डोळे पुसत हसत होत्या.

मला मात्र नम्रताने सर्वांत शेवटी तयार केले. झटका येण्याच्या आधीच्या गणपतीत हर्षदने बाबांचे गाऱ्हाणे मोबाइलवर घेतले होते. नम्रताने त्याचे वाक्यावाक्याने तुकडे केले. मला एकदा दाबले की एक वाक्य. मग मी थांबायचो. पुन्हा दाबले की पुढचे. मागच्या माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून होईपर्यंत बाबा थांबणार, मग बोट खाली येणार. तुकडे करताना तिने एक वाक्य वगळले. जुन्या गाऱ्हाण्यात बाबांनी रावजींच्या दुखऱ्या पायासाठी देवाला साकडे घातले होते. मधल्या काळात, चैत्रात, रावजी गेले होते.

मागच्या वर्षीचा गणपती मी विसरणार नाही. देवापुढे स्टूल, स्टुलावर लॅपटॉप, समोर खुर्चीत बाबा. सगळी भावकी दाटीवाटीने उभी होती. काही जण कौतुकाने बघत होते, काही जण हसू दाबत होते. बाबांनी माउसचा बाण माझ्यावर आणला आणि बोट दाबले.

"बा गणराया म्हाराजा, आज ही सगळी लेकरं तुज्या पायाशी हुबी हायत!"

मग अंगणापर्यंत आवाज गेला, "व्हय म्हाराजा!"

बाबा थांबले. मान किंचित हलवली. बोट पुन्हा खाली आले.

"मुंबैला जी लेकरं पोटासाठी गेली हायत, त्यांची राखण कर, त्यांच्या हाताला येस दे!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणे बाबांनीच घातले, मित्रांनो. आवाज माझ्यातून आला असेल, पण कधी बोलायचे आणि कधी थांबायचे हे त्यांचे बोट ठरवत होते. एका वाक्यानंतर तर ते मुद्दाम बराच वेळ थांबले आणि मागे बोलत बसलेल्या माणसांना गप्प केले. पूर्वीही ते असेच करायचे म्हणे. त्या दिवसानंतर बाबांची मान ताठ झाली. ओटीवर कोणी आले की ते डाव्या हाताने लॅपटॉप पुढे ओढायचे आणि मला दाबून दाखवायचे. वेळीअवेळी देवाला हाक गेलेली यमुनाबाईंना आवडत नसे, पण त्या बोलत नसत.

यंदा हर्षद गणपतीला आला तो नवा लॅपटॉप घेऊनच. बाबांसाठी त्याने तो मनापासून घेतला होता. पडदा मोठा, नुसत्या बोटाने चालणारा. माउस धरायची गरज नाही. जुना आता फार गरम व्हायचा, मध्येच बंदही पडायचा. हर्षदचे काय चुकले, असे कोणी विचारले तर मला झटकन उत्तर देता येत नाही. त्याने आमचा कागद पेनड्राइव्हवर घेऊन नव्या लॅपटॉपमध्ये उघडला, तेव्हा वर धोक्याची पट्टी आली. या कागदात मॅक्रो आहेत, ते बंद ठेवले आहेत, असे तिच्यावर लिहिले होते. हर्षदच्या ऑफिसात अशाच एका फाईलमधून व्हायरस शिरून मोठा घोळ झाला होता. तेव्हापासून असल्या फायलींना हात लावायचा नाही, असे सगळ्यांना बजावले होते. त्याने कागद साध्या प्रकारात सेव्ह करायला घेतला. वर्डने एकदा विचारलेसुद्धा, की असे केले तर मॅक्रो राहणार नाहीत, चालेल का? चित्रांना बोलायला मॅक्रोच लागतात हे त्याला ठाऊक नव्हते; त्याने येस दाबले.

मला काही दुखले नाही. दुखले असते तर बरे झाले असते. मी जिथे होतो तिथेच होतो, शेंडी वर, पाने खाली. उलट नव्या पडद्यावर माझा रंग जास्तच खुलला होता. फक्त माझ्या मागे आता काही नव्हते.

नम्रता स्वयंपाकघरात मोदकांच्या उकडीत हात घालून बसली होती. तिथूनच तिने विचारले, "अहो, बाबांचा कागद चालतोय ना त्यात?"

"चालतोय. सगळी चित्रं मस्त दिसतायत."

"दाबून बघितलंत?"

हर्षद दाबून बघणार होता. तेवढ्यात यमुनाबाई हळदकुंकवाची कुयरी घेऊन आल्या. "नवी वस्तू हाय. आधी देवाम्होरं ठेव. उद्या पूजा झाली का मग ह्यांच्याच हातानं चालू करू." नव्या लॅपटॉपला हळदकुंकू लागले, वर फूल ठेवले गेले आणि तो देवाच्या चौरंगाशेजारी बसला. आमच्याकडे नवी वस्तू देवाला दाखवल्याशिवाय वापरत नाहीत. यमुनाबाईंचेही काही चुकले नाही. हर्षदने पेनड्राइव्ह आणि जुना लॅपटॉप दोन्ही पुसून पुरते रिकामे केले आणि लॅपटॉप संध्याकाळीच लांज्याला जाणाऱ्या मेहुण्याच्या गाडीत टाकला. तिकडे भाचीला शिकायला होईल, एवढाच त्याचा विचार होता.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. आरती झाली. भावकी जमली. बाबांना नवा सदरा घातला होता. हर्षदने त्यांची खुर्ची पुढे आणली, लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "बाबा, घ्या. आता नुसतं बोट लावायचं."

बाबांनी बोट लावले.

काही झाले नाही. त्यांना वाटले, नीट लागले नाही. त्यांनी पुन्हा लावले, जोर देऊन लावले. माझ्याभोवती फक्त एक चौकट उमटली, कोणत्याही चित्राभोवती उमटते तशी. माणसे हात जोडून उभी होती. 'व्हय म्हाराजा' सगळ्यांच्या ओठांशी येऊन थांबले होते. बाबांनी तळहाताने मला थापटले. मग वरचा तांब्या दाबला, पंखा दाबला, शेवटी यमुनाबाईंचा फोटो दाबला. त्या तिथेच, त्यांच्या मागे उभ्या होत्या. हाक आली नाही.

बाबांच्या घशातून "अं... अं..." असा आवाज निघाला. सगळ्या भावकीसमोर निघाला. मागे कोणीतरी हसले. त्यात वाईट हेतू नसावा. अवघडले की माणसे हसतात.

नम्रता पुढे झाली. पडद्याच्या वरच्या कडेला फाईलच्या नावाचा बदललेला शेवट दिसताच तिला सगळे समजले. "तुम्ही मॅक्रो काढलेत?" ती एवढेच म्हणाली. हर्षदचा चेहरा उतरला. "थांब, माझ्याकडे मूळ व्हिडिओ आहे," तो म्हणाला आणि त्याने खिशातून मोबाइल काढून उंच धरला.

बाबांचा आवाज घुमला. माणसांनी सुटका झाल्यासारखे "व्हय म्हाराजा" म्हटले. पण मोबाइल थांबत नाही, मित्रांनो. माणसांचे उत्तर पुरे व्हायच्या आत पुढचे वाक्य सुरू व्हायचे. शब्दांवर शब्द चढायला लागले. बाबा खुर्चीत होते आणि त्यांचा आवाज मुलाच्या हातात, त्यांच्या डोक्याच्या वर. हळूहळू सगळ्यांचे जोडलेले हात मोबाइलकडे वळले.

आणि मग ते वाक्य आले.

"आमच्या रावजीच्या पायाला आराम पडू दे, पुढल्या साली त्याला काठीबिगर तुज्या म्होरं हुबा कर!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे म्हणून गेले.

बायकांमध्ये रावजींची बायको उभी होती. तिने तोंडात पदराचा बोळा घातला. कोणीतरी "बंद कर रे" म्हणाले. हर्षदच्या हातून मोबाइल लवकर बंद होईना. बाबांनी आपल्या भावजयीकडे बघितले. त्यांना तिची माफी मागायची होती, मी त्यांच्या इतक्या समोर होतो की मला ते अगदी स्पष्ट दिसत होते. पण माफीचे चित्र आमच्या कागदात नव्हते, आणि असते तरी ते चालले नसते. त्यांनी डोळे खाली घातले. प्रसाद वाटला गेला, कारण तो वाटायलाच हवा होता.

नम्रताने त्यानंतर सुटी घेऊन मला पुन्हा उभे केले. पुन्हा कंस, पुन्हा मॅक्रो, पुन्हा वाक्यांचे तुकडे. हर्षद शेजारी बसून होता. "मी आणलाच नसता तर बरं झालं असतं," असे तो परत परत म्हणत होता. नम्रता म्हणाली, "आणलात ते चांगलं केलंत. मला आधी दाखवायचं होतंत." दोघांनी मला दाबून बघितले. मी बोललो. तांब्या बोलला. आम्ही सगळेच पहिल्यापेक्षा चांगले बोलू लागलो.

मग बाबांना बोलावले. बाबांनी तांब्या दाबला, पाणी प्याले. पंखा दाबला. यमुनाबाईंना हाक मारली. त्यांचे बोट पडद्यावरून खाली खाली येत गेले आणि माझ्यापाशी येऊन मागे वळले. नम्रताने त्यांचा हात धरून माझ्याकडे आणला, तर त्यांनी मूठ घट्ट मिटून घेतली. तेव्हापासून रोज तसेच चालले आहे. मला दुरुस्त करता आले. बाबांना कसे करायचे ते कोणाला कळत नाही.

शिमग्यात देवीची पालखी दारात आली. पालखीसमोरही घरच्या वडील माणसाने गाऱ्हाणे घालायचे असते. यमुनाबाईंनी देवीची ओटी भरली. नम्रताने लॅपटॉप उघडून बाबांच्या मांडीवर ठेवला आणि हळूच म्हणाली, "बाबा, मी दहा वेळा बघितलंय. चालतंय. एकदा दाबा." अंगणात ढोल थांबला. सगळे वाट बघत होते. मी तर त्यांच्या बोटाखालीच होतो. बाबांनी माझ्याकडे बराच वेळ बघितले. मग डाव्या हाताने लॅपटॉपचे झाकण खाली ओढले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाला काही बोलायचे असेल आणि ते एखाद्या जुन्या, गरम होणाऱ्या, हळू चालणाऱ्या वस्तूतून बोलले जात असेल. तिला बदलू नका असे मी म्हणत नाही. नवे आणा, चांगले आणा. पण जुने पुसण्याआधी नवे त्या माणसाच्या हाताखाली ठेवा. त्याला एकट्याने, चार लोक जमायच्या आधी, ते चालवून बघू द्या. चित्र नुसते दिसले म्हणून ते चालते असे समजू नका.

झाकणाखाली अंधार होता. बाहेर पालखीवाल्यांपैकी कोणीतरी गाऱ्हाणे घातले. सगळ्यांनी उत्तर दिले. ढोल पुन्हा सुरू झाला आणि पालखी पुढच्या घराकडे निघाली. बाबांचा हात झाकणावर तसाच दाबलेला होता. माझ्यातले पहिले वाक्य तयार होते.